पहिले दहा सेकंद

मंडळी, नाशिकने इंग्रजी भाषेला एक शब्द दिलाय, आणि त्याचा द्राक्षांशी किंवा चिवड्याशी काहीही संबंध नाही. ब्रिटिशांच्या काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजिर देवळाली कॅम्पात महिनोनमहिने पडून असायचे. काम नाही, लढाई नाही, डोक्यावर ऊन. काहींचं डोकं त्यात खरोखरच फिरायचं. या प्रकाराला त्यांनी नाव ठेवलं 'डूलॅली टॅप'. डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप! इंग्लंडात आजही भ्रमिष्टासारखं वागणाऱ्याला डूलॅली म्हणतात.

तर डोक्याला काहीच खाद्य मिळालं नाही की काय होतं, हे देवळालीने जगाला दाखवलं. आज लिहायचंय ते बरोबर दुसऱ्या टोकाबद्दल. डोक्यात एकाच क्षणी इतकं ओतलं जातं की ते हँग होतं. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे विमानातून पहिल्यांदा उडी मारणारा शिकाऊ माणूस.

तेरा हजार फुटांवर दार उघडतं. इंजिन आणि वारा मिळून असा आवाज की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. जमिनीपेक्षा हवा वीस-पंचवीस अंशांनी थंड. खाली जे दिसतं त्याचा नेहमीच्या जगाशी मेळ लागत नाही. गंमत म्हणजे जत्रेतल्या पाळण्यात पोटात जो खड्डा पडतो, तो इथे फारसा पडत नाही, कारण उडी मारताना आपण विमानाच्या वेगाने आधीच पुढे चाललेलो असतो. म्हणजे शरीर ज्या एका खुणेची वाट बघत असतं तीच येत नाही, आणि बाकीच्या शंभर येतात. उडी मारल्यावरचे पहिले काही सेकंद कित्येक विद्यार्थ्यांना नंतर आठवतच नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर बफर भरला आणि पॅकेट्स ड्रॉप झाली.

यातला खरा धोका भीतीचा नाही. घाबरलेला माणूसही पॅराशूट उघडू शकतो. धोका आहे तो उंची बघायची विसरण्याचा. पोटावर पसरून पडताना वेग ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो, म्हणजे दर साडेपाच सेकंदांना हजार फूट खलास. मेंदू हँग व्हायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

यावरचा सगळ्यात जुना उपाय लष्करी आहे: विद्यार्थ्याच्या डोक्यावरचं कामच काढून घ्या. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि एका हवालदार मेजरने उडी घेतली आणि ते भारतीय सैन्यातले पहिले छत्रीधारी ठरले. (रंगराज मूळचे डॉक्टर. पुढे कोरियाच्या युद्धात त्यांनी ६० पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सचं नेतृत्व केलं. त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा, असो.) लष्करी उडीत छत्री उघडायचा निर्णय माणसाकडे नसतोच. पाठीवरच्या छत्रीची पट्टी विमानातल्या तारेला अडकवलेली असते. माणूस बाहेर पडला की पट्टीच ती छत्री खेचते. आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत प्राथमिक कोर्सला पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. त्याआधी जमिनीवर तीच ती हालचाल इतक्या वेळा घोटून घेतात की दिवा हिरवा झाल्यावर पाय आपोआप हलतात.

हे घोटणं किती कामाला येतं ते ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलमध्ये दिसलं. संध्याकाळच्या उतरत्या उजेडात, शत्रूच्या मुलखात, दुसरी पॅरा बटालियन पुंगली पुलाजवळ उतरली. ही पलटण मूळची आपली, मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आणि पुलावर त्यांना येऊन मिळालं कोण, तर पहिली मराठा! खांद्यावर शस्त्र, पाठीवर छत्री, खाली अनोळखी शेतं. अशा वेळी प्रत्येकाने विचार करायचं ठरवलं असतं तर विमानाच्या दारातच ट्रॅफिक जॅम झाला असता.

पण हौशी माणसाला फ्रीफॉल हवा असतो, आणि तिथे काम काढून घेण्याची युक्ती पुरत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एप्स्टाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उडी मारायला निघालेल्या लोकांच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजली. नवख्यांचा आलेख उडीच्या क्षणापर्यंत चढतच जातो. मुरलेल्यांचाही चढतो, पण त्यांची शिखरं आधीच येऊन जातात आणि दाराशी पोचेपर्यंत आलेख उतरणीला लागलेला असतो. म्हणजे मुरलेला माणूस निडर नसतो. तो आधी घाबरून घेतो. मला हा शोध फारच आवडला.

दुसरा प्रयोग २००७ चा, डेव्हिड ईगलमन यांचा. माणसांना ३१ मीटरवरून जाळ्यात पाडलं. स्वतःचं पडणं त्यांना इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटलं, पण मनगटावरचे झरझर बदलणारे आकडे मात्र त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेगाने वाचता आले नाहीत. संकटात 'सगळं स्लो मोशनमध्ये दिसलं' म्हणतात ते असं. प्रोसेसरचा वेग वाढत नाही, फक्त लॉगिंग वाढतं :)

हे सगळं पचवून शिकवण्याची जी पद्धत १९८१ च्या सुमारास अमेरिकेत रूढ होऊ लागली तिला एएफएफ म्हणतात. पहिल्याच उडीत लांब फ्रीफॉल, मात्र दोन शिक्षक दोन्ही बाजूंनी धरून. विद्यार्थ्याला कामं मोजकीच: क्षितिज बघ, उंची बघ, शिक्षकांकडे बघ, छत्रीच्या हँडलला हात लावून ये, आणि ठरल्या उंचीला ती ओढ. पुन्हा पुन्हा हेच चक्र. हातात काम असलं की लक्षाला खुंटी मिळते. बोलणं अशक्य, म्हणून सूचना बोटांनी. दोन बोटं म्हणजे पाय ताण. अंगठा आणि करंगळी हलवली की अंग सैल सोड. एक बोट रोखलं की छत्री उघड. इतका छोटा प्रोटोकॉल मी तरी कुठे पाहिला नाही. आणि १९९१ साली जर्मनीतून 'सायप्रस' नावाची डबी आली. हवेच्या दाबावरून उंची आणि वेग काढायचा, आणि माणूस फार खाली येऊनही वेगातच पडतोय असं दिसलं की राखीव छत्री स्वतःच सोडायची. मेंदू हँग झाला तर दुसरा छोटा मेंदू.

आता शीतल महाजन. पुण्याची ही मुलगी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून २४०० फुटांवरून उतरली. तापमान उणे ३७. ही तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी, सरावाची एकही नाही! आपल्याकडे ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात आणि धाडस होतंच. पण 'सराव केला नाही' हा भाग कौतुकाने सांगितला जातो तेव्हा मला खटकतं. नवख्याच्या डोक्याला थंडी, पांढरं क्षितिज आणि रोटरचा गडगडाट एकदम झेलायला लावणं हा जुगार होता, आणि तो जिंकला म्हणून त्याची पद्धत होत नाही. मला जास्त कौतुक पुढचं वाटतं. १५ डिसेंबर २००६ ला अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून उडी, ती फ्रीफॉलची. २०११ साली पद्मश्री. आणि मधे-नंतर शेकडो उड्या, ज्यांची बातमी झाली नाही.

नाशिक रोडला २००३ पासून लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे. सैन्यातली पहिली महिला लढाऊ वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक मे २०२२ मध्ये इथूनच विंग्ज घेऊन बाहेर पडली. हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर धरायला शिकवतानाही जगभर हाच मार्ग वापरतात. दोन हात, दोन पाय, सगळे वेगवेगळं काम करणार आणि एक हललं की बाकीची बिघडणार. म्हणून शिक्षक आधी एकच कंट्रोल विद्यार्थ्याच्या हाती देतो आणि उरलेले स्वतः सांभाळतो. तो जमला की पुढचा. सुरुवातीचे काही दिवस तेही शिकाऱ्याला बैल आवरल्यासारखंच वाटत असणार.

फेब्रुवारी २०१८ मध्ये शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये पट्टायाला तेरा हजार फुटांवरून नऊवारी नेसून उडी मारली. ताशी दोनशेच्या वाऱ्यात, हार्नेसखाली, नऊवारी! उंची बघायची, अंग सरळ ठेवायचं, छत्री वेळेवर उघडायची आणि वर काष्टा-पदराचं भान. चौदा वर्षांपूर्वी ध्रुवावर या शेवटच्या कामासाठी डोक्यात जागा शिल्लक असती असं मला वाटत नाही.