‘तोच हा’ : अडॉल्फ बेक प्रकरण आणि ओळखीचा पुरावा

पूर्वी पाहिलेला मनुष्य पुन्हा दृष्टीस पडला असता ‘तोच हा देवदत्त’ असे जे ज्ञान होते, त्यास भारतीय दर्शनकारांनी ‘प्रत्यभिज्ञा’ ही संज्ञा दिली आहे. यातील ‘तो’ स्मृतीने पुरविलेला असतो आणि ‘हा’ डोळ्यांपुढे असतो. दोहोंना जोडणारा ‘च’ मात्र जाणणाऱ्याच्या निश्चयाचा असतो. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही ‘तीच ही’ असे वाटते, म्हणजे सादृश्यालाच एकत्व समजण्याची चूक घडते, असा आक्षेप बौद्ध पंडितांनी घेतला होता. न्यायालयात या ‘तोच हा’वर मनुष्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते. त्यातील धोका लंडन येथील अडॉल्फ बेक याच्या प्रकरणात विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येतो.

१८७७ साली ‘जॉन स्मिथ’ असे नाव सांगणाऱ्या एका भामट्यास लंडनमध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. आपण उमराव आहोत असे भासवून तो स्त्रियांचा विश्वास संपादन करी, न वटणारा धनादेश त्यांच्या हाती ठेवी आणि त्यांच्या अंगठ्या व घड्याळे घेऊन पसार होई. १८९४-९५ मध्ये नेमक्या याच रीतीने पुन्हा फसवणुकी होऊ लागल्या. १८९५ च्या डिसेंबरात फसवल्या गेलेल्या एका स्त्रीने रस्त्यात बेक या नॉर्वेजियन गृहस्थास अडविले व हाच तो भामटा असे सांगितले. त्यानंतर इतर स्त्रियांना ओळखपरेडीस बोलावण्यात आले. रांगेतील बाकीची माणसे रस्त्यावरून जमविलेली होती. पिकलेले केस व मिशा यांमुळे बेक त्यांच्यात सहज उठून दिसत होता. एकीमागून एक अशा अनेक स्त्रियांनी त्याच्याकडेच बोट दाखविले. स्मिथच्या वेळच्या एका पोलिसानेही हा स्मिथच असल्याचे शपथेवर सांगितले.

१८९६ च्या मार्चमध्ये ओल्ड बेली येथे खटला चालला. बेकच्या वकिलाचा युक्तिवाद साधा होता. १८७७ चे व १८९५ चे लेखन एकाच हातचे आहे, असे हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत होते. आणि १८७७ मध्ये तर बेक दक्षिण अमेरिकेत होता. म्हणजे दोन्ही वेळचा गुन्हेगार एकच असेल, तर तो बेक असू शकत नव्हता. परंतु आरोप केवळ अलीकडच्या फसवणुकीचे असल्याने जुना प्रश्न अप्रस्तुत आहे, असा निर्णय न्यायाधीश फुल्टन यांनी दिला. १८७७ च्या खटल्यात सरकारतर्फे काम पाहणारे वकील हेच फुल्टन होते. बेकला सात वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि तुरुंगात त्यास स्मिथचाच जुना क्रमांक, पुनरपराधाचे अक्षर जोडून, देण्यात आला. न्यायालयाने जो प्रश्न अप्रस्तुत ठरविला होता, त्याचे उत्तर तुरुंगाच्या दप्तराने गृहीत धरले.

स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. हे १८९८ मध्ये गृहखात्याच्या निदर्शनास आले. तुरुंगातील क्रमांक तेवढा बदलला. शिक्षा मात्र कायम राहिली. १९०१ मध्ये बेक सुटला. १९०४ मध्ये तशाच तक्रारी पुन्हा आल्या, तेव्हा जुन्या शिक्षेमुळे पोलिसांची दृष्टी त्याच्याकडेच वळली. स्त्रियांनी त्यास पुन्हा ओळखले आणि २७ जूनला तो पुन्हा दोषी ठरला. न्यायमूर्ती ग्रँथम यांना शंका वाटल्याने त्यांनी शिक्षा सुनावणे लांबणीवर टाकले. जुलैमध्ये, बेक कोठडीत असतानाच, तशाच प्रकारे मिळविलेल्या अंगठ्या गहाण ठेवू पाहणारा एक मनुष्य पकडला गेला. तोच मूळचा स्मिथ होता. २९ जुलैला बेकला माफी मिळाली व पुढे ५,००० पौंड भरपाई देण्यात आली.

या साक्षीदार स्त्रिया खोटे बोलत होत्या असे म्हणण्यास आधार नाही. त्यांचा निश्चय प्रामाणिक होता; त्यामुळेच उलटतपासणीने तो ढळला नाही. परंतु त्यांच्या साक्षी परस्परांपासून स्वतंत्र होत्या काय, हा खरा प्रश्न होय. गुन्हेगार व बेक यांचे बाह्य सादृश्य, आणि एकच मनुष्य उठून दिसेल अशी रांग, ही चुकीची कारणे सर्वांना समान होती. अशा स्थितीत दहावी साक्ष पहिलीला नवे बळ देत नाही. ती पहिलीचीच पुनरावृत्ती ठरते. पोलिसाची साक्ष व तुरुंगातला क्रमांक यांनीही त्याच एका प्रतिज्ञेवर पुनःपुन्हा शिक्कामोर्तब केले. उलट, जो पुरावा या सर्वांहून भिन्न जातीचा होता, तोच ऐकला गेला नाही.

या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या कॉलिन्स समितीनंतर, १९०७ च्या कायद्याने, इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. ओळखीच्या पुराव्याविषयीची सावधगिरी मात्र दीर्घकाळ ज्याच्या त्याच्या विवेकावर राहिली. १९७६ मध्ये डेव्हलिन समितीचा अहवाल आला. त्याच वर्षी टर्नबुल खटल्यात अपील न्यायालयाने अशा पुराव्याबाबत ज्यूरीस इशारा देणे आवश्यक ठरविले : चुकलेला साक्षीदारही खात्रीलायक वाटू शकतो, आणि असे अनेक साक्षीदार एकाच वेळी चुकू शकतात.

कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यास साक्षीदारांची विशिष्ट संख्या आवश्यक नाही, असे भारताच्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १३४ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. एका साक्षीदाराची साक्षही पुरेशी ठरू शकते, असा त्याचा अर्थ सामान्यतः केला जातो. बेक प्रकरणाच्या प्रकाशात त्याची दुसरी बाजूही ध्यानात येते : पुष्कळ साक्षीदार असूनही पुरावा अपुरा असू शकतो.