भांगेची वडी, गोव्याचा वैद्य आणि गुजरातचा सुलतान

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट आमच्या घरातूनच सुरू होते.

गेल्या रंगपंचमीला मावशीकडे कुणीतरी घरी केलेली भांगेची बर्फी आणली. माझा वीस वर्षांचा मावसभाऊ एक वडी खाऊन अर्धा तास थांबला. "काहीच होत नाहीये रे," म्हणाला आणि आणखी दोन उचलल्या. रात्री आठला आधी हसत सुटला, मग रडायला लागला, मग "मी मरतोय" म्हणत माझा हातच सोडेना. दवाखान्यात न्यावं लागलं. मावशी रात्रभर उशाशी बसून होती, एक शब्द न बोलता.

परवा एका जुन्या पुस्तकात मला जवळपास हाच प्रसंग भेटला. साडेचारशे वर्षांपूर्वीचा!

पुस्तक गार्सिया द ओर्ताचं. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आला आणि गोव्यात राहिला. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात भांगेवर एक अख्खं प्रकरण आहे, तेही दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात. म्हणजे पॉडकास्टच की! त्यात कृतीही येते: कुटलेली पानं, सुपारी, साखर. ज्याच्याकडे पैसा, तो जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, कस्तुरीही घालणार. साखरेच्या पाकातल्या या प्रकाराला आपल्याकडे माजूम म्हणायचे.

ओर्ता सांगतो, की घाटावर त्याच्यासोबत एक पोर्तुगीज विदूषक होता. त्याने माजूमच्या एक-दोन फोडी खाल्ल्या. रात्री आधी मजेत बरळला, नंतर दुःखात बुडून रडत बसला. ओर्ताचे नोकरही चोरून खायचे. त्यांचं म्हणणं, काम जाणवत नाही आणि भूक मात्र सपाटून लागते.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह तर पोर्तुगीज सरदाराला म्हणाला होता, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, अरबस्तान फिरावंसं वाटलं, की मी थोडी भांग घेतो. याच बहादूरशाहने १५३४ च्या तहात वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. (सही करताना काय खाल्लं होतं, ते मला विचारू नका.) आणि पुढे मुंबई बेट भाडेपट्ट्याने कुणाला मिळालं? आपल्या ओर्तालाच!

आता, ती वडी इतक्या उशिरा का चढते? ओढलेला गांजा मिनिटांत मेंदूपर्यंत जातो. खाल्लेला माल आधी पोटात, मग यकृतात. तिथे त्यातल्या टीएचसीपासून आणखी जोरदार रसायन तयार होतं. या सगळ्याला तास-दोन तास सहज लागतात. शिवाय टीएचसी पाण्यात नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून हा सगळा कारभार दूध-तुपाचा. घरच्या थाळीत ते सगळीकडे सारखं पसरत नाही. एक वडी साधी, शेजारची भयंकर.

कायद्याचंही सांगतो. १९८५ च्या केंद्रीय कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हाच आहे. आमच्या त्या बर्फीला कसला परवाना?

मावसभाऊ आता ठणठणीत आहे. त्या विदूषकाचा किस्सा त्याला वाचून दाखवला. हसला, मग जरा वेळाने विचारलं, "त्याच्याजवळ रात्री कोण बसलं होतं?"

ओर्ताने ते लिहिलेलं नाही.

पुढच्या भागात जायफळ. भेटूया!