कुटुंब नियोजनाची साधने : आपल्यासाठी योग्य कोणते?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो होता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून पी. जे. रोहम यांनी तो मांडला. ठराव फेटाळला गेला. पुढे १९५२ मध्ये देशाने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. आज बहुतेक साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मात्र कोणते साधन कोणाला चालते, याची माहिती घरोघरी पोहोचलेली नाही.

निरोध (कंडोम) : गर्भधारणेबरोबरच एचआयव्ही व इतर लैंगिक आजारांपासून संरक्षण देणारे हे मुख्य साधन. प्रत्येक संबंधाच्या वेळी नवा वापरावा लागतो. प्रत्यक्ष वापरात हयगय होते, त्यामुळे वर्षभरात १०० पैकी साधारण १३ स्त्रियांना गर्भ राहतो.

माला-एन : रोज घ्यायची गोळी. पाळी नियमित होते, रक्तस्राव कमी होतो. पण बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असून अंगावर पीत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा वय ३५ च्या पुढे असून तंबाखू ओढण्याची सवय असेल, तर ही गोळी घेऊ नये.

छाया : लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. सुरुवातीला पाळी लांबू शकते.

अंतरा : दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. पाळी अनियमित होणे किंवा बंद होणे हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे, तो आजार नव्हे. इंजेक्शन बंद केल्यावर गर्भ राहायला काही महिने लागतात. लवकरच मूल हवे असेल तर दुसरे साधन निवडावे.

तांबी (कॉपर-टी) : ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षे, ३७५ प्रकारची पाच वर्षे काम करते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. हवी तेव्हा काढता येते. सुरुवातीच्या महिन्यांत पाळीत रक्त जास्त जाते, पोटात दुखते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईने हे आधी डॉक्टरांना सांगावे.

नसबंदी : ही कायमची समजूनच करावी. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण वापरावी लागते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. त्यानंतर तीन महिने मात्र निरोध वापरावा आणि वीर्यतपासणी करून घ्यावी. तिने पुरुषत्व कमी होत नाही, अंगमेहनतीची ताकदही जात नाही.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के आहे. सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची, पण टेबलावर झोपते ती बाईच. समतेची भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांनी या आकड्यांकडे पाहायला हवे.

तातडीची गोळी : साधन फाटले किंवा वापरलेच नाही, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. नेहमीचे साधन म्हणून ती वापरू नये.

निवड करताना चार प्रश्न एकमेकांना विचारा : पुढचे मूल कधी हवे, की नकोच? आई अंगावर पाजते का? तिला रक्तदाब, रक्तक्षय असा काही त्रास आहे का? रोज आठवण ठेवणे जमेल का? उत्तरे घेऊन आशाताई, परिचारिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे जा. शक्यतो दोघांनी मिळून जावे. पण स्त्रीला नसबंदी करून घ्यायची असेल, तर सरकारी नियमानुसार नवऱ्याच्या संमतीची सक्ती नाही, हेही प्रत्येक भगिनीला माहीत असावे. साधन फसून गर्भ राहिलाच, तर घरगुती उपाय किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्या नकोत. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात कायदेशीर आहे. २०२१ पासून या कारणासाठी लग्न झालेले असण्याची अटही राहिलेली नाही.