ऑर्ता, गार्सिया द
(सु. १५०१–१५६८). पोर्तुगीज वैद्य व वनस्पतिज्ञ. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांचा प्रत्यक्ष अवलोकनाच्या आधारे विचार करणाऱ्या यूरोपीय ग्रंथकारांत अग्रगण्य. स्पेनमधून परागंदा झालेल्या आणि पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केल्या गेलेल्या यहुदी कुळात, कास्तेलू द व्हीद येथे त्याचा जन्म झाला. सालामांका व आल्काला येथे वैद्यक शिकून आणि लिस्बनला काही काळ अध्यापन करून तो १५३४ मध्ये मार्तिम आफोंसू द सोझाच्या आरमारासोबत गोव्यास आला, तो मायदेशी परतलाच नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने तहनाम्यान्वये वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला. साष्टी बेट आणि मुंबई ही दोन्ही त्यातच आली. पुढे मुंबई बेट ऑर्ताला सालीना खंडाच्या कराराने मिळाले. त्याचे बिऱ्हाड मात्र गोव्यातच राहिले, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याची वैद्य म्हणून ये-जा असे. साष्टीतील कोरीव लेण्यांचे व घारापुरीचे वर्णन त्याने आवर्जून केले आहे.

त्याची कीर्ती ‘कोलोकिउश दुश सिंप्लिश’ या संवादग्रंथावर उभी आहे. तो गोव्याच्या छापखान्यात १० एप्रिल १५६३ रोजी छापून झाला. खिळे जुळवणाराने इतके प्रमाद केले की शुद्धिपत्रानेच वीसेक पृष्ठे अडविली. रुआनो या कल्पित पाहुण्याने ग्रीक व अरब आचार्यांचे दाखले द्यावेत आणि ऑर्ताने ते डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूवर पारखून घ्यावेत, असा त्याचा घाट आहे. हळद, हिंग, वेलदोडा, फणस, धोतरा, भांग यांची चर्चा चालू असतानाच मुंबईहून त्याचा मक्तेदार सिमाँव तोस्कानो आंब्यांची टोपली घेऊन दाखल होतो, आणि आपल्या बेटावरील एक आंबा वर्षातून दोनदा फळतो हे सांगण्याचा मोह ग्रंथकारास आवरत नाही. पटकीचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात प्रमाण मानले जाते, आणि त्या रोगाला त्याने दिलेले देशी नाव म्हणजे आपली कोकणातील ‘मोडशी’च होय. कामोंइश या महाकवीची कविता प्रथम छापली गेली तीही याच ग्रंथात. वनस्पतिज्ञ क्लूसियसने १५६७ मध्ये अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि तो यूरोपभर वाचला गेला.

यूरोपीय उपचार फसल्यावर आपण ब्राह्मण वैद्यांच्या औषधांकडे वळतो, अशी प्रांजळ कबुली तो देतो. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याला त्याने संवादात बोलूही दिले. परंतु ज्या वैदू, हकीम व व्यापाऱ्यांच्या माहितीवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांपैकी बहुतेक अनामिकच राहिले, हे या ग्रंथाचे न्यून होय.

ऑर्ता गोव्यातच निवर्तला. धर्मसमीक्षण सभेने (इन्क्विझिशन) पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळले, आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थीही उकरून अग्नीत टाकल्या. आज पणजीच्या नगरोद्यानास त्याचे नाव आहे.