हुंडीपासून बिटकॉइनपर्यंत: खुल्या जाळ्यांचा आणि खुल्या पैशाचा इतिहास

मी देवनहळ्ळीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक जाळी हा विषय शिकवते. गेल्या सत्रात तास संपल्यावर निपाणीकडचा तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी थांबला. सुट्टीत त्याने एका परदेशी ग्राहकाला संकेतस्थळ तयार करून दिले होते. ग्राहक मोबदला रुपयांत न देता एका डिजिटल नाण्यात देऊ म्हणत होता. "मॅडम, घेऊ का?" असे त्याने विचारले. वसतिगृहाच्या मेसचे तीन महिन्यांचे बिल त्याला त्याच पैशातून भागवायचे होते. लगेच हो किंवा नाही म्हणण्याऐवजी पुढच्या तासाला मी वर्गाला थोडा इतिहास सांगितला. हे टिपण त्या तासावर आधारलेले आहे.

१. जाळ्याच्या तीन रचना

जाळे निरोपांचे असो वा पैशाचे, त्याची रचना साधारण तीन प्रकारची असते. केंद्रित रचनेत सर्वांची खाती एकाच संस्थेकडे असतात. संघीय रचनेत अनेक स्वतंत्र सर्व्हर असतात आणि ते सामायिक नियमांनी, म्हणजे प्रोटोकॉलने, एकमेकांशी बोलतात. ई-मेल हे याचे रोजचे उदाहरण आहे. तुमचा पत्ता एका कंपनीचा आणि माझा दुसऱ्या कंपनीचा असला तरी पत्र पोहोचते. समस्तर रचनेत मधला सर्व्हरच नसतो. प्रत्येक सहभागी संगणक संपूर्ण हिशेबवहीची प्रत ठेवू शकतो. बिटकॉइन या प्रकारात मोडते. शेवटच्या दोन रचनांना आपण विकेंद्रित म्हणतो.

पुढचा इतिहास वाचताना एक प्रश्न मनात ठेवावा: चूक झाली, फसवणूक झाली, तर कोणाचे दार ठोठवायचे?

२. विकेंद्रित पैसा नवा नाही

देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान. अठराव्या शतकात हा मुलूख होनाचा, म्हणजे दक्षिणेतल्या सोन्याच्या नाण्याचा होता. मराठी मुलखात मोठे व्यवहार चांदीच्या रुपयात होत आणि बाजारातली किरकोळ खरेदी तांब्याच्या शिवराईवर चाले. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झाली आणि पेशवाईतही पाडली जात राहिली. रुपयाही एकच नव्हता. चांदवडी, अंकुशी अशी अनेक नाणी वेगवेगळ्या टांकसाळींतून निघत. कोणता रुपया किती शुद्ध, किती झिजलेला हे सराफ आणि पोतदार पारखत आणि त्याप्रमाणे बट्टा लावत. आज अनेक डिजिटल नाण्यांचे भाव पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात, त्या काळी ते काम माणसे करत.

लांबच्या प्रवासात रोकड नेणे धोक्याचे होते, म्हणून हुंडी वापरात आली. पुण्याच्या पेढीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि दूरच्या शहरातल्या पेढीवर ती वटवायची. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या मुदतीनंतर मिळत ती मुदती. शहाजोग हुंडी फक्त बाजारात पत असलेल्या माणसालाच चुकती केली जाई, त्यामुळे चोराच्या हाती लागली तरी तिचे पैसे सहज निघत नसत. 'शहाजोग' हा शब्द आज आपण बहुधा उपरोधाने वापरतो, पण इथे त्याचा अर्थ भरवशाचा असा होता.

या व्यवस्थेला मध्यवर्ती बँक नव्हती. तरी ती चालली, कारण हुंडीच्या मागे नाव होते. हुंडी न स्वीकारणाऱ्या पेढीची पत बाजारात बुडे. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया आणला आणि बट्ट्याचा व्याप हळूहळू संपला. हुंडी मात्र टिकली. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांचे स्थानिक रिवाज मान्य केले.

३. खुला संवाद: जॅबर ते मॅस्टोडॉन

१९९९ मध्ये जॅबर नावाचा खुला निरोप-प्रोटोकॉल जाहीर झाला. पुढे तो एक्सएमपीपी या नावाने मानक बनला. २००५ मध्ये गूगलने त्यावर आधारलेली गूगल टॉक सेवा सुरू केली आणि काही काळ तिचे वापरकर्ते इतर सर्व्हरवरच्या लोकांशी बोलू शकत होते. २०१३ मध्ये आलेल्या हँगआउट्समध्ये ती वाट बंद होत गेली. मोठ्या कंपनीने खुला नियम स्वीकारला तरी तिला तो सोडताही येतो, हा या घटनेचा धडा. याच काळात भारतीय तरुणांचे आवडते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मालकाने ठरवले आणि गाव उठले.

२०१६ मध्ये जर्मनीत ऑयगेन रोख्को यांनी मॅस्टोडॉन सुरू केले. यात कोणीही स्वतःचा सर्व्हर चालवू शकतो. जानेवारी २०१८ मध्ये ॲक्टिव्हिटीपब हा त्यामागचा प्रोटोकॉल वेबच्या जागतिक मानक संस्थेने शिफारशीत केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेक भारतीय वापरकर्ते मॅस्टोडॉनवर गेले. काही आठवड्यांत ही लाट बरीच ओसरली. ओळखीची माणसे अजून जुन्याच जागी होती. शिवाय इथे सर्व्हर बहुधा स्वयंसेवक चालवतात. भाडे, दुरुस्ती, शिवीगाळीच्या तक्रारी हे सगळे त्यांच्याच डोक्यावर. खाते हलवताना अनुयायी सोबत येतात, जुन्या नोंदी येत नाहीत.

याउलट कू ही बंगळुरूची केंद्रित सेवा. २०२० मध्ये ती कन्नडपासून सुरू होऊन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आली. भाषेची गरज तिने नेमकी ओळखली होती, तरी खर्च आणि भागीदार न मिळणे यांमुळे जुलै २०२४ मध्ये तिने काम थांबवल्याचे जाहीर केले. म्हणजे जाळे केंद्रित असो वा विकेंद्रित, रोजचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. भारतातील मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी 'प्राव' हे एक्सएमपीपीवरचे निरोप-ॲप वापरकर्त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत चालवण्याची कल्पना मांडली, ती याच प्रश्नाच्या उत्तरादाखल.

४. खुला पैसा: बिटकॉइन भारतात

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोटो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी जाळे सुरू झाले. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा हिशेबवहीला जोडला जातो. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एकाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मिळवले. रोजच्या वापराचे हे गाजलेले उदाहरण. पण नाण्याची किंमत वाढेल असे वाटू लागले की लोक ते खर्च करत नाहीत, साठवतात. जी वस्तू साठवायची तिने भाजी कोण घेणार?

भारतातला घटनाक्रम असा. २४ डिसेंबर २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने पहिला इशारा दिला. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनोकॉइन या कंपनीने बंगळुरूतील एका मॉलमध्ये रोख भरण्या-काढण्याचे यंत्र ठेवले आणि पोलिसांनी ते जप्त केले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक रद्द केले. रिझर्व्ह बँकेला अधिकार आहे, पण उपाय प्रमाणाबाहेर आहे, असा त्या निकालाचा रोख होता. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का करकपात आणली. चहाच्या पैशालाही हिशेब ठेवावा लागेल, असे नाणे रोजच्या खिशात कसे राहणार?

गंमत अशी की मध्यस्थ नको म्हणून जन्मलेल्या पैशासाठी लोक पुन्हा मध्यस्थांकडे गेले. पुण्यात २०१८ मध्ये पोलीस तपास सुरू झालेली एक योजना बिटकॉइनवर दरमहा १० टक्के परतावा देऊ करत होती. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय विनिमय मंचावरून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली. हिशेबवही शाबूत होती, पण ग्राहकांची नाणी त्यांच्या स्वतःच्या किल्लीखाली नव्हती.

दरम्यान २०१६ मध्ये यूपीआय आले. देवनहळ्ळीच्या प्रसिद्ध पपनसांच्या गाडीवरही आता क्यूआर कोड असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात एका महिन्यात १,००० कोटींहून अधिक यूपीआय व्यवहार झाले. यूपीआय विकेंद्रित नाही, त्याचा मधला दुवा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे आहे. पण नियम असे आहेत की कोणत्याही बँकेचा, कोणत्याही ॲपचा माणूस दुसऱ्याला पैसे पाठवू शकतो. आणि पैसे अडकले तर तक्रारीला एक पत्ता असतो.

५. समारोप

हुंडीच्या मागे पेढीचे नाव होते. यूपीआयच्या मागे बँक आहे. मॅस्टोडॉनच्या मागे थकलेला स्वयंसेवक आहे आणि बिटकॉइनच्या मागे गणित आहे. गणित चुकत नाही, पण ते फसवल्या गेलेल्याचे ऐकूनही घेत नाही. विकेंद्रीकरणात सत्ता वाटली जाते, तशी जबाबदारीही वाटून घ्यावी लागते. जिथे ती कोणी घेतली नाही तिथे खुले जाळे ओस पडले किंवा लबाडांच्या हाती गेले. पत्र कोणाच्याही मालकीचे नसावे, पैसा कोणाच्या मर्जीवर अडू नये, ही इच्छा रास्त आहे. ती पुरी करायला चांगल्या प्रोटोकॉलइतकीच सहकारी संस्थेसारखी, उत्तर देण्यास बांधलेली रचना लागेल.

त्या विद्यार्थ्याने शेवटी ग्राहकाला बँकेमार्फत पैसे पाठवायला सांगितले. पैसे यायला आठवडा लागला आणि शुल्कही कापले गेले. मेसचे बिल उशिरा भरले गेले. हेही मी वर्गात सांगते, कारण खुल्या पैशाची मागणी अशाच खोळंब्यातून निर्माण होते. तो खोळंबा कमी करण्याचे काम तुमच्या पिढीपुढे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. शहाजोग हुंडी आणि बिटकॉइन यांत चोरीपासून संरक्षण कसे वेगळे आहे?
२. तुमच्या महाविद्यालयाने स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवायचा ठरवला, तर खर्च आणि तक्रारी कोणी सांभाळाव्यात?
३. एखादे चलन रोजच्या वापरात येण्यासाठी कोणत्या तीन अटी आवश्यक वाटतात? शिवराई आणि यूपीआय यांच्या आधारे लिहा.