पंडिता रमाबाई आणि बालोद्यान पद्धती

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी द्यावी की चेंडू, हा प्रश्न पुणे परिसरात शंभराहून अधिक वर्षे जुना आहे.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली. १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. फ्रोबेल धर्मोपदेशकाचे पुत्र. साऱ्या सृष्टीत ईश्वरी एकत्व आहे आणि मुलाने ते खेळातून अनुभवावे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल अशी साधने त्यांनी क्रमाने योजली.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी ही पद्धती शिकून घेतली. मुंबईत १८८९ मध्ये स्थापन झालेले त्यांचे शारदा सदन पुढील वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही बालोद्यानाचे वर्ग चालले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात खेळ व कृतीवर भर दिला आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरात ख्रिस्ती संस्थेचा बालवर्ग निवडताना पालकांनी दोन गोष्टी पाहाव्यात : मुलाच्या हातांना किती काम मिळते आणि प्रार्थनेचे स्वरूप काय. शासनमान्य वा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीविना अज्ञान मुलावर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २८ सांगतो.