रुग्णत्वबोध, चित्तविकृतिपूर्व

रुग्णत्वबोध, चित्तविकृतिपूर्व : चित्तविकृती पूर्णपणे प्रकट होण्यापूर्वी आपल्या मनोव्यापारांत काही बिघडत आहे, अशी स्वतः व्यक्तीस होणारी जाणीव. छिन्नमानसासारख्या विकारात आपण आजारी आहोत हे रुग्णास मान्य नसते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत केलेल्या छिन्नमानसाच्या पथदर्शी पाहणीत (अहवाल १९७३, भारतातील केंद्र आग्रा) रुग्णत्वबोधाचा अभाव हे सर्वांत अधिक, सु. ९७ टक्के रुग्णांत आढळलेले लक्षण ठरले. मात्र ही स्थिती विकार भरात असतानाची होय. आरंभीचे चित्र वेगळे असते, हे ध्यानी येण्यास बराच काळ जावा लागला.

आर्नोल्ट पिक (१८५१–१९२४) यांनी १८८२ मध्येच या विषयावर स्वतंत्र लेख लिहिला होता. कार्ल यास्पर्स (१८८३–१९६९) यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात, काहीतरी होत असल्याची नुसती जाणीव आणि विकाराचे स्वरूप ओळखणारी यथार्थ दृष्टी यांत भेद केला. ही दृष्टी चित्तविकृतीत टिकून राहत नाही, असे त्यांचे मत होते. लंडनचे ऑब्री ल्यूइस (१९००–७५) यांनी १९३४ मध्ये याची दुसरी बाजू दाखविली : रुग्ण ज्या मनाने आपल्या मनाची पारख करतो, तेच बदललेले असते; मग त्याचा निर्णय वैद्याच्या निर्णयाशी तंतोतंत जुळावा ही अपेक्षाच फोल ठरते.

आरंभावस्थेचा बारकाईने वेध क्लाउस कोनराट (१९०५–६१) यांनी घेतला. दुसऱ्या महायुद्धात तपासलेल्या शंभराहून अधिक जर्मन सैनिकांच्या आधारे त्यांनी १९५८ मध्ये ग्रंथ लिहिला. रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वी नटाच्या मनात दाटणाऱ्या ताणाचे नाव त्यांनी पहिल्या अवस्थेस दिले. काहीतरी घडणार आहे असे वाटते. काय, ते सांगता येत नाही. गेर्ड हूबर (१९२१–२०१२) यांनी १९६० नंतर रुग्णांच्या स्वतःच्या तक्रारींनाच मूलभूत लक्षणांचे स्थान दिले. विचार मध्येच तुटणे, नको ते विचार घुसणे, ऐकलेल्या वाक्याचा अर्थ न लागणे यांसारखे हे अनुभव बाहेरून दिसत नाहीत. सांगणाराच त्यांना विकार म्हणून ओळखतो. रुग्णाचा शब्द येथे निदानाचा पुरावा झाला. अशा लक्षणांची कसोटी पाहणाऱ्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात १६० व्यक्तींचा सरासरी ९·६ वर्षे मागोवा घेण्यात आला. लक्षणे असलेल्या ११० जणांपैकी ७७ जणांना पुढे छिन्नमानस झाले, नसलेल्या ५० पैकी केवळ दोघांना. या व्यक्ती निदानासाठी विशेषज्ञांकडे आलेल्या होत्या, सामान्य लोकांतील नव्हेत, हे विसरता येत नाही.

मेलबर्न येथे १९९४ मध्ये पॅट्रिक मॅगोरी, ॲलिसन युंग व त्यांचे सहकारी यांनी जोखमीच्या अवस्थेतील तरुणांसाठी चिकित्सालय सुरू केले. तेथील निकषांत शंकेला महत्त्व आले : ‘लोक माझ्याकडे पाहतात असे वाटते, पण तो माझा भासही असेल’ असे म्हणणारा उंबरठ्याच्या अलीकडे, शंका संपून खात्री पटली, की तो ओलांडला. जी जाणीव पूर्वी विकार नसल्याची खूण मानली जाई, तीच आता त्याची सीमारेषा ठरली.

यात धोकाही आहे. २०१२ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार अशा व्यक्तींपैकी सु. ३६ टक्क्यांना तीन वर्षांत चित्तविकृती होते. म्हणजे बहुसंख्यांना होत नाही. स्वतःवर शंका घेणाऱ्या तरुणास रुग्ण ठरविल्यास ती शंकाच भीतीचे रूप घेऊ शकते. याच वादामुळे २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत ही अवस्था मुख्य वर्गीकरणात न घेता पुढील अभ्यासासाठी राखलेल्या विभागात ठेवण्यात आली.